रिकाम्या पोटी निघालेली पाखरं

मागच्या महिन्यात याच पानावर आपण मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल बोललो होतो. ते वाचून एका भगिनीने आम्हाला गाठलं आणि सरळ विचारलं, "मोबाइल तर काढून घेतला. आता त्या हातात काय देऊ? उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, मुलगा दिवसभर घरात फेऱ्या मारतो."

प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. पुस्तक द्या, खेळायला पाठवा, असं आम्ही पुटपुटलो. घरी येताना वाटलं, आपल्याच घरात या हिवाळ्यात काय घडलं ते सांगायला हवं होतं. तेव्हा राहिलं, ते आज सांगतो. त्यात आमची एक चूकही आहे. तीही सांगणार आहोत.

गोष्ट सुरू झाली एका जुन्या कॅमेऱ्यापासून. मुलांचे मामू दुबईला असतात. त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना आमच्या लेकीला दिला. लांबचं जवळ दिसेल असा चांगला झूम त्याला आहे. लेक नववीत, धाकटा सहावीत. पहिले आठ दिवस घरातल्या मांजरीचे आणि गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे फोटो निघाले. मग शाळेत पक्षी सप्ताह आला. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची आणि १२ तारीख डॉ. सलीम अलींच्या. लेकीने जाहीर केलं, "अम्मी, मला पाण्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढायचेत. एकबुर्जीला जाऊ."

वाशिमकरांना एकबुर्जी सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच, की चंद्रभागा नदीवरचं हे धरण शहराची तहान भागवतं. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी, ही आमची. रविवारी फजरची नमाज झाली की मुलांचे अब्बा, आम्ही आणि दोन्ही मुलं, दोन गाड्यांवर निघायला लागलो.

पहिले दोन रविवार वाया गेले. धरण काठोकाठ भरलेलं. दूर पाण्यावर बदकांचे काळे ठिपके आणि काठावर गवत. लेक हिरमुसली. आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं, पण चूक पक्ष्यांची नव्हती. चिखलात अन्न शोधणाऱ्या पाखरांना चिखल लागतो आणि भरलेल्या धरणाला चिखलच नसतो. कोकणात समुद्र दिवसातून दोनदा ओहोटीने मागे सरतो आणि पाखरांसाठी ताट वाढून ठेवतो. आपल्या विदर्भात ओहोटी वर्षातून एकदाच येते. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी सुटतं, शहराला नळातून पाणी जातं, ऊन तापतं आणि धरण हळूहळू काठ सोडतं. जे उघडं पडतं तो गाळ. काही धरणांत त्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. त्या गाळात अळ्या, किडे, बारीक गोगलगायी, पाणकिड्यांची पिल्लं असतात. जानेवारीत एकबुर्जीचा काठ असा उघडा पडला आणि पाखरं आली.

आली खरी, पण आम्हाला जवळ येऊ देईनात. आम्ही दहा पावलं पुढे गेलो की ती वीस पावलं उडून जात. लेकीच्या कॅमेऱ्यात नुसत्या शेपट्या यायच्या. धाकट्याने तर उडताना फोटो मिळावा म्हणून एकदा टाळी वाजवली, एकदा खडा फेकला. आम्ही रागावलो, पण मनातून आम्हालाही तो उडणाऱ्या थव्याचा फोटो हवाच होता. खोटं कशाला बोलू?

तिथे जाळं आवरत बसलेले एक भोई काका हे सगळं बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "म्याडम, तुमी चालत जाता म्हणून थे उडते. पाखराले चालता माणूस दिसला की भेव वाटते. बसा ना एका जागी. थेच येते तुमच्याकडं."

आम्ही बसलो. जुनी सतरंजी अंथरली, सूर्य पाठीमागे घेतला आणि गप्प राहिलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. धाकट्याची चुळबुळ चालू होती. विसाव्या मिनिटाला एक तपकिरी पाखरू काठाकाठाने शेपटी वरखाली नाचवत आलं आणि आमच्यापासून दोन खाटांच्या अंतरावर थांबून खाऊ लागलं. सगळ्यांचा श्वास रोखलेला. लेक कॅमेरा उचलायचं विसरून गेली होती.

त्या दिवसापासून आम्ही बसायला शिकलो आणि बसल्यावर दिसायला लागलं.

शेपटी नाचवत आली होती ती तुतारी. थंडीत आपल्या जवळपास प्रत्येक तळ्यावर एखादी तरी असते. उन्हाळ्यात ती काश्मीर-लडाखकडे किंवा त्याहून उत्तरेला जाऊन अंडी घालते. तिची बहीण हिरवी तुतारी आणखी दूर, युरोप-आशियाच्या उत्तरेकडच्या जंगलांत जाते आणि बहुधा दुसऱ्या पाखरांनी झाडावर सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. लेकीला हे फार आवडलं. "म्हणजे भाड्याच्या घरात," ती म्हणाली.

शेकाट्याचे पाय लाल, काडीसारखे आणि अंगाच्या मानाने इतके लांब, की पक्ष्यांत याबाबतीत त्याच्या पुढे फार थोडे. त्यामुळे जिथे तुतारीचं पोट भिजेल त्या पाण्यात तो आरामात फिरतो आणि सुईसारख्या चोचीने पाण्यावरचे किडे टिपतो. कंठेरी चिखल्या चिमणीहून थोडाच मोठा. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. चोच आखूड, पण डोळे मोठे. तो डोळ्यांनी शिकार करतो. चार पावलं पळायचं, एकदम थांबायचं, बघायचं, टिपायचं. कधी एक पाय ओल्या मातीवर थरथरवायचा, म्हणजे खालचा किडा हलतो आणि दिसतो. छोटा बगळाही पाण्यात पाय हलवून मासे उठवतो, ते तुम्ही ओढ्याकाठी पाहिलं असेल.

पाणलाव्याचं तंत्र उलट. त्याला बघायची गरजच नाही. लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात जाते. त्या चोचीच्या टोकाला स्पर्शाची अशी जाण असते, की अंधारात आपण बोटांनी सुई शोधावी तसा तो किडा शोधतो. आणखी नवल म्हणजे पूर्ण चोच न उघडता तो फक्त टोक उघडू शकतो. चिखलात तोंड उघडलं तर चिखलच आत जाईल ना! पाणटिवळा त्याहून उंच, त्याची चोचही लांब, म्हणून तो आणखी खोल पाण्यात उभा राहून तळाचा गाळ चाचपतो.

धाकट्याने वहीत चित्र काढलं. सगळ्यात वर कोरडी माती आणि टिटवी, मग ओला काठ आणि चिखल्या, मग टाचेइतकं पाणी आणि तुतारी, गुडघाभर पाण्यात शेकाट्या, त्यापुढे पाणटिवळा. एकच काठ, पण प्रत्येकाची पंगत वेगळी. ज्याची जेवढी चोच आणि जेवढे पाय, तेवढ्या खोलीवर त्याचं अन्न ठेवलेलं. त्या चित्राखाली धाकट्याने लिहिलं, "दस्तरख्वान". आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, पण यापेक्षा चांगला शब्द आम्हाला सुचला नसता.

एकदा लेकीने घड्याळ लावलं. छोटा टिलवा नावाचं पाखरू समोर खात होतं. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूठभर फुटाण्यांइतकं. उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात त्याचा जन्म झालेला. एका मिनिटात त्याने किती वेळा चोच मारली, ते तिने मोजलं. चव्वेचाळीस. दर वेळी काही मिळत असेल असं नाही. मग मागच्या बांधावरून कुणाचा तरी कुत्रा धावत आला आणि सगळा थवा उडाला. घड्याळ चालूच होतं. टिलवा परत येऊन खायला लागेपर्यंत सात मिनिटं गेली. लेकीने वहीत गुणाकार केला. चव्वेचाळीस गुणिले सात, तीनशे आठ.

"म्हणजे आपण एकदा उडवलं की तीनशे घास जातात," ती म्हणाली.

घास म्हणणं बरोबर नाही, तीनशे चोची म्हणायला हवं. पण आम्ही दुरुस्त केलं नाही. धाकटा मान खाली घालून बसला होता. त्याला तो खडा आठवला असणार. आम्हालाही आठवला.

आणि या पाखरांसाठी खाणं म्हणजे फक्त आजचं पोट नव्हे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. काहींचं वजन जवळपास दुप्पट होतं. वाटेत खायला मिळेलच याचा भरवसा नसतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अमेरिकेतल्या अलास्कातून निघालं आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानियात उतरलं. सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठेही न थांबता. त्याच्या अंगावर यंत्र लावलेलं होतं म्हणून हे कळलं. जन्मून पाचच महिने झालेले, आणि सोबत शिदोरी काय, तर अंगातली चरबी. आमच्या एकबुर्जीचे पाहुणे इतके लांब एका दमात जात नाहीत, पण त्यांचाही हिशेब तोच. काठावर जे खाल्लं त्यावर पुढचा प्रवास.

याच दिवसांत रमजान आला. सहेरी, फजर आणि मग पाणी. रोजा ठेवून पाखरांचं खाणं बघत बसण्याचा अनुभव आम्हाला नवा होता. आपल्याकडे तवक्कुलबद्दल बोलताना पाखरांचा दाखला नेहमी दिला जातो. अल्लाहवर खरा भरवसा ठेवा, पाखरं सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, अशा अर्थाची ती हदीस तुम्हा सर्वांना माहीत आहे. वर्गात आम्ही ती कितीदा सांगितली असेल. पण सांगताना आमचा भर नेहमी 'परततात' यावर असायचा. त्या महिन्यात पहिल्यांदा 'निघतात' हा शब्द नीट ऐकू आला. सकाळच्या रिकाम्या पोटाच्या आणि संध्याकाळच्या भरल्या पोटाच्या मध्ये एक आख्खा दिवस आहे. त्या दिवसात हजारो वेळा चोच मारणं आहे, कुत्रे आहेत, ससाणे आहेत आणि कॅमेरे घेऊन आलेली आमच्यासारखी माणसं आहेत. रोजी देणारा देतो. मध्येच ताटावरून उठवणारे मात्र आपण असतो.

आता आमची चूक.

ईदनंतरच्या आठवड्यात लेकीला काठापासून थोडं वर, मुरमाड जागेत एक चिखल्या दिसला. आम्हाला पाहून तो एक पंख जमिनीवर घासत, लंगडत दूर जाऊ लागला. आम्ही वाचलेलं होतं. हे नाटक असतं. शत्रूला वाटावं पाखरू जखमी आहे, त्याने मागे यावं आणि अंड्यांपासून लांब जावं. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण एका छायाचित्र स्पर्धेची तारीख जवळ आली होती आणि असा फोटो कुणाकडे नसणार, हे लेकीला ठाऊक होतं. आम्हालाही ठाऊक होतं. आम्ही शोधलं. सापडली. चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, ठिपक्यांची. घरटं म्हणावं असं काही नाही, नुसता उथळ खळगा. पाय पडला असता तरी कळलं नसतं.

वाकून फोटो काढले. मग थोडं मागे सरून, पाखरू अंड्यांवर येऊन बसेल म्हणून थांबलो. ते येईना. नऊ वाजले, ऊन चढलं. चिखल्या लांबून इकडून तिकडे पळत राहिला आणि अंडी उन्हात उघडी. वीसेक मिनिटांनी मुलांचे अब्बा म्हणाले, "बस हो गया, चलो." आम्ही निघालो. घरी येऊन तो फोटो नातेवाइकांच्या गटावर टाकला, पक्षीप्रेमींच्या गटावर टाकला आणि जागेचं नावही लिहिलं. शाबासक्या आल्या. आम्हालाही बरं वाटलं.

तीन दिवसांनी पुन्हा गेलो. जागेभोवती पावलांच्या खुणा होत्या, एका मोटारसायकलच्या चाकाचाही माग होता. खळगा रिकामा. एक कवचसुद्धा नाही.

कोणी नेली, सांगता येत नाही. भोई काकांना विचारलं. ते म्हणाले, "कावळ्यानं नेली असन. कावळा माणसावर ध्यान ठेवते. माणूस जिथं वाकते, थे जागा थो पाहून ठेवते." मग लेकीचा चेहरा पाहून त्यांनी जोडलं, "पुन्हा घालन थे. पाखरू हाय, हार नाय मानत."

ते खरं आहे. पहिली अंडी गेली तर चिखल्या बहुधा पुन्हा अंडी घालतो. पण ते पाखराचं मोठेपण झालं, आमची सुटका नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांची अंडी उचलणं गुन्हा आहे. आम्ही अंड्यांना हात लावला नव्हता. पण तेवढ्याने आम्ही मोकळे होत नव्हतो. घरी येताना गाडीवर कुणी बोललं नाही.

लेकीने तो फोटो स्पर्धेला पाठवला नाही. आम्ही तिला पाठवू नकोस असं म्हटलं नव्हतं. दोन्ही गटांवरून तिने तो काढला. पण कॅमेऱ्यातून पुसला नाही. आम्ही विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. मला विसरायला नको." आम्ही शिक्षक माणसं. अशा वेळी काहीतरी बोलण्याची सवय असते. त्या दिवशी गप्प राहिलो.

त्या रात्री आम्ही मुलांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. त्यांचं नाव आपल्या घरांत अभिमानाने घेतलं जातं, पण गोष्टीची सुरुवात कमी सांगितली जाते. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला. मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढवलं. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणं हा त्या मुलाचा आवडता खेळ होता. एके दिवशी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही खायला चालते का, असा साधा, घरगुती प्रश्न घेऊन तो मामूंकडे गेला. मामूंना ती कोणती चिमणी ते सांगता आलं नाही. पण त्यांनी 'जा, खेळ' असं म्हणून मुलाला वाटेला लावलं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि मुलाला तिकडे पाठवलं. मिलार्ड साहेबांनी पाखरू ओळखलं आणि कपाटं उघडून त्याला भारतातल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढे १९४१ मध्ये त्याच मुलाने भारतीय पक्ष्यांवरचं असं पुस्तक लिहिलं, की ते हातात घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पक्षी ओळखायला शिकल्या. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आणि वयाच्या नव्वदीजवळ आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातच ती पडलेली चिमणी ठेवली.

लेकीने विचारलं, "म्हणजे त्यांनीही आधी मारली होती?"

"हो," आम्ही म्हणालो. "आणि ते त्यांनी लपवलं नाही."

त्या भगिनीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला या गोष्टीतल्या मामूंमध्ये दिसतं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला यायलाच हवं असं नाही. ज्याला येतं त्याच्यापर्यंत मुलाला पोहोचवणं एवढं तर आपल्या हातात आहे. आम्हाला एकबुर्जीवर बसायला शिकवलं ते एका भोई काकांनी, बीएडच्या पुस्तकाने नाही.

तेव्हा ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आपल्या जिल्ह्यात एकबुर्जी आहे, कारंजाकडे अडाण आहे, सोनल प्रकल्प आहे, गावोगावी पाझर तलाव आहेत. पाणी उतरलेला, चिखल उघडा पडलेला काठ शोधा. सध्या मे महिन्यात दूरचे पाहुणे निघून गेलेत, पण टिटवी, शेकाट्या, चिखल्या, बगळे, वंचक, खंड्या हे घरचे आहेतच. पाहुणे पावसाळ्याच्या शेवटापासून परत येऊ लागतील. कॅमेरा नसला तर दुर्बीण, दुर्बीण नसली तर डोळे आणि एक वही. सूर्योदयानंतरचे दोन तास सगळ्यात चांगले. सूर्य पाठीशी घ्या, खाली बसा, मळकट रंगाचे कपडे घाला. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा पाखराच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि नेम डोळ्यावर धरा, डोळा स्पष्ट आला की फोटो जिवंत वाटतो. पाखरू खाणं थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागलं, तर तुम्ही फार जवळ गेलात, असं समजा आणि मागे सरा. पंख घासत लंगडताना दिसलं, तर पाऊल टाकलं त्याच वाटेने परत फिरा. घरट्याचा फोटो काढू नका, कुणाच्या घरट्याची जागा गटावर टाकू नका.

मुलांना एकटं पाठवू नका. धरणाचा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण आत पाय रुततो. काठावर बसायचं, पाण्यात उतरायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि मोठ्यांनीही पाळा. आणि दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. आपल्या तळ्यावरची पाखरं मोजून त्यात कुणालाही भर घालता येते. शाळांनी मनावर घेतलं तर वही-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. येत्या जानेवारीत आमच्या वर्गातल्या मुला-मुलींना घेऊन जायचा विचार आहे, इन्शाअल्लाह.

टिटवीचं राहिलंच. उर्दूत तिला टटीरी म्हणतात. आपल्याकडे रात्री ती ओरडली की अपशकुन मानणारे अजून आहेत. ती कुणाच्या मरणाची बातमी देत नसते. तिच्या अंड्यांजवळ कुणीतरी आलेलं असतं, म्हणून ओरडत असते. शेतकरी मात्र तिची अंडी उंचवट्यावर दिसली की पाऊस चांगला होईल म्हणतात. पाऊस कसा होईल ते अल्लाहला ठाऊक, पण त्या निमित्ताने अंड्यांभोवती नांगर वळवून नेणारे शेतकरी आम्ही ऐकलेत. त्यांच्या हातात ना कॅमेरा असतो, ना पुस्तक.

मागच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. पाणी आता खूप आत गेलंय. लेक सतरंजीवर बसली, कॅमेरा मांडीवर. एक चिखल्या पळत, थांबत, टिपत आमच्याकडे आला, मग वळून गेला. तिने तीनच फोटो काढले आणि बाकी वेळ बघत राहिली. निघताना धाकट्याने विचारलं, "हा तोच असेल का?"

कुणालाच सांगता आलं नाही. तो खात होता, एवढं दिसत होतं.